नवऱ्याकडचं लुगडं

६ मे

चार पांढऱ्या साड्या! चार! आणि त्या आपण घेऊन जायच्या म्हणे. शितल सांगत होती आणि तिचा बाप — माझा मुलगा नितीन — मान डोलवत होता, जसं काही भाताचं बियाणं आणायचंय. चार साड्या, लांब बाह्यांची पोलकी, पांढरे परकर, काळ्या चपला. आणि डोक्याला बांधायचं एक पांढरं फडकं. ते बांधलं की मुलगी सिस्टर झाली. पुरती नाही, अर्धी. पुरती व्हायला आणखी वर्षं लागतात.

मी विचारलं, "आपण मुलगी देतोय कोणाला?"

"देवाला," नितीन म्हणाला.

"मग साड्या त्याने आणायच्या!"

सून भारती चुलीपुढे तोंड फिरवून हसली. तिच्या माहेरची माणसं आधीपासून चर्चला जाणारी. तिच्यामुळे नितीन गेला, दोघांमुळे शितल. मी नाही गेले. माझा हिरवा, आमच्या वाडवडलांचा देव, कोपऱ्यात कणगीजवळ, त्यांचा येशू टीव्हीच्या वर. भांडण नाही. दोघेही देव मला काही विचारत नाहीत.

शितल तलासरीला होस्टेलात शिकली आणि पुढे तिथल्या सिस्टरांकडेच राहिली, सलवार-कुडत्यात. आता महिनाअखेरीला पांढरं नेसायचं. त्याआधी घरी पाठवलीय, मन पक्कं आहे का बघायला. तिकडे रोज मनातलं लिहायला लावतात. म्हटलं, मग माझंही लिही, मन काय तुलाच आहे? मला अक्षर येत नाही. तोंड येतं.

७ मे

लिहिणारी सगळं लिहिते की मधलं गाळते, मला काय कळणार? पण मी युक्ती काढलीय. बोलून झालं की ओळींवरून बोट फिरवते. बोलले भरपूर आणि ओळी थोड्या — तर पुन्हा लिही! कालचं बोटाला कमी लागलं. धरली तिला. दोघेही देव काही विचारत नाहीत, हे गाळलं होतं. आता घातलंय.

९ मे

नितीनने डहाणूरोडच्या बाजारातून पहिली साडी आणली. शितलने नेसून दाखवली. बाई गं, किती त्या पिना! खांद्याला पिन, निऱ्यांना पिन, कमरेला पिन, डोक्याच्या फडक्याला दोन्ही कानांमागे पिन.

"एक पिन निसटली तर सिस्टर सुटते का गं?"

"आजी!"

मी तिच्याभोवती फिरून बघितलं, बैल बघतात तसं. आमचं लुगडं गुडघ्यापर्यंत, मागे कासोटा घट्ट. लावणी करा, झाडावर चढा, वेळ पडली तर पळून जा — सगळं जमतं. हिच्या साडीने पायाची बोटंसुद्धा झाकली.

"यात पळता येणार नाही," म्हटलं.

"मला पळायचं नाही."

"बरं. मग पाणी आण."

मे महिन्यातली आमची विहीर म्हणजे तळाला नुसता लाल चिखल. गेली! एक हंडा डोक्यावर, कळशी कमरेवर, चढ चढून वर आली. मी सगळी साडी तपासली, आतून-बाहेरून. एक डाग नाही. डागावरच माझी सगळी भिस्त होती!

१२ मे

रूपी आली होती. रूपी आता आमच्या पाड्याची धवलेरी, लग्न लावणारी. आधी मी होते. पाड्यावरचं कुठलंच लग्न माझ्या गाण्याशिवाय लागलं नाही. पण धवलेरीचा नवरा जिवंत लागतो. माझा शुक्रा गेला आणि काम रूपीकडे गेलं. तिला निम्मी गाणी येत नाहीत. मी मागे बसून सांगते आणि चुकली की खोकते.

शितल आम्हा दोघींना समजावत होती. त्या दिवशी मुली नवरीसारख्या नटून चर्चमध्ये जातात — रंगीत साडी, केसात फुलं. प्रार्थना होते. मग आतल्या खोलीत जायचं आणि पांढरं नेसून बाहेर यायचं.

"आणि नवरा?" रूपीने विचारलं.

"तो दिसत नाही, रूपीआजी."

"माझाही नाही दिसत, संध्याकाळ झाली की."

हसता हसता माझ्या डोक्यात आलं आणि मी बोलून टाकलं. आमच्या पाड्याची रीत आहे — मुलाकडचे लुगडं घेऊन येतात. आजी असली तर आजीला, नसली तर आईला. आजी ते नेसली म्हणजे मुलगी दिली. नेसली नाही, तोवर दिली नाही. रीत काही मी केलेली नाही. मी नुसती आठवण करून दिली.

नितीन तडकला. "आये, हे काय लग्न आहे?"

"तुमचेच लोक म्हणतात ना, येशूची नवरी? नवरी म्हटलं की लग्न आलं. लग्न म्हटलं की मी आले."

शितल म्हणाली, "आमच्या मोठ्या सिस्टर, मदर, मला विचारणार, घरची सगळी राजी आहेत का. एकजण जरी नसलं तरी घेत नाहीत. आणि मी खोटं नाही सांगणार."

"मग खरं सांग. आजी लुगड्याला अडलीय."

लिहिणारीचा हात थांबलाय. लिही!

१३ मे

कोणी आलं नाही. येणारही नाही. त्यांच्या कपाटात पांढऱ्याशिवाय रंग नाही, माझं लुगडं कुठून आणतील? आज एक भाकरी जास्त खाल्ली.

१६ मे

शितलने फोनवर मदरला सांगितलं. मी बाजूलाच होते. म्हटलं, लुगड्याबरोबर ताडीही लागते, तेही सांग. तिने सांगितलं. पलीकडे गप्प.

"बघ, मोडलं लग्न!"

मग आम्ही दोघी करवंदं आणायला गेलो. ती पुढे, मी मागे. जाळीशी पोचली की वळून थांबायची, मी दिसले की पुढे जायची. मी हाक मारली नाही एकदाही. हात-तोंड जांभळं करून आली घरी. या रंगात किती छान दिसते पोर!

एवढं लांब बोलले नव्हते वाटतं. ओळी जास्त आहेत.

१९ मे

आल्या!

जीप खाली आंब्याखाली थांबली. तीन सिस्टर आणि ड्रायव्हर. पुढे मदर, हातात सूप. सुपात लुगडं, नारळ, हळदकुंकू, तांदूळ. ड्रायव्हरच्या हातात ताडीचा कॅन. मदर त्या कॅनकडे अजिबात बघत नव्हती, जसा काही तो आपल्या पायांनी चालत आलाय.

मुलाकडच्यांनी बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नसतो. मी मुद्दाम बोलावलं नाही. तर ती बाई त्या पांढऱ्या साडीत अंगणात खाली बसली! शेणाने सारवलेल्या जमिनीवर! मोखाड्याकडची निघाली. आमच्यासारखीच डोंगरातली.

"पुतळीबाय," ती म्हणाली, "मुलगी मागायला आलोय."

रूपीने लगेच गाणं धरलं. मी खोकले. चुकली नव्हती, तरी खोकले.

मग मी विचारायला बसले, दर लग्नात बसते तशी.

"मुलगा काय करतो?"

"सुतारकाम शिकलाय."

"जमीन?"

"बापाची आहे. दिसते तेवढी सगळी."

"भाऊबंद हिस्सा मागतील."

"मागतात. तो देतो."

"सासू कशी?"

"कमी बोलते."

रूपी म्हणाली, "अशी सासू असेल तर मीपण येते!"

"पितो का?"

"एका लग्नात दारू संपली होती. त्याने पाण्याची करून दिली, सगळ्यांना पुरेल एवढी."

"पुतळे," रूपी माझ्या कानात म्हणाली, "मुलगा सोडू नको."

सगळे हसत होते. नितीनसुद्धा. मला एकच प्रश्न उरला होता. तो मी सगळ्यात शेवटी विचारते. सगळे मुलाकडचे त्यावर हसतात आणि नाही म्हणतात. मग वर्षाच्या आत मुलगी सुजलेलं तोंड घेऊन माहेरी येते. किती आल्या बघितल्यात मी, माझीच गाणी ऐकून गेलेल्या!

"मारतो का?"

मदर हसली नाही. "नाही," म्हणाली. "लोकांनी त्यालाच मारलं."

मी हात पुढे केला. लुगडं घेतलं. जांभळं आहे, लाल काठाचं, सुती. चांगलं आहे, मेलं. ताडीही ताजी होती.

पण घेणं वेगळं आणि नेसणं वेगळं. तेही मदरला माहीत होतं. जाताना म्हणाली, "नेसा, जमेल तेव्हा."

२० मे

लुगडं दोरीवर टाकलंय. जो येतो तो आधी दोरीकडे बघतो, मग माझ्याकडे. शेळीपण बघून गेली.

२१ मे

आजही नाही. घाई काय आहे?

२३ मे

शितल आज म्हणाली, "नको नेसूस, आजी. मी राहते."

रागाने नाही. भांडी घासता घासता. मग हात पुसले, आत गेली, पांढरी साडी आणली आणि आईच्या हातात दिली. म्हणाली, "उशांचे अभ्रे कर याचे." भारती रडायला लागली. नितीन उठून बाहेर गेला, बाहेर त्याचं काही काम नव्हतं.

जिंकले मी! रूपीला बोलावून सांगितलं, मुलगी राहिली. ती म्हणाली, "मग तोंड असं का?" म्हटलं, माझं असंच आहे.

दिवसभर शितल हसून बोलली. माझी वेणी घातली. केर काढला, शेळी बांधली. सगळं नीट. पण करवंदाच्या वाटेवर पुढे गेली आणि वळून थांबली नाही. मी मागे आहे हे तिला माहीत होतं. तिचं लक्षच नव्हतं, दुसरीकडेच कुठेतरी बघत होती.

भारती संध्याकाळी कात्री शोधत होती, अभ्र्यांसाठी. सापडली नाही. सगळं घर उलटं केलं.

कात्री माझ्या उशीखाली आहे.

हे लिहू नको.

लिहिलंस ना? बोटाला ओळ लागली.

२५ मे

आज भारती लिहितेय. हिचं अक्षर मोठं आहे, थोडंसं बोलले तरी पान भरतं. आता युक्ती चालायची नाही.

पहाटे उठून नेसले. कोणाला न विचारता. मग शितलला उठवलं, पांढरं एकदा नेसवून बघितलं आणि तिच्या सगळ्या पिना मी लावल्या, कानांमागच्यासुद्धा. नितीनने फोन केला, दुपारी मदरची जीप आली. चढताना ती वळून थांबली.

रूपी म्हणते, जांभळं मला शोभतं.