खोट्या पायाच्या बुटालाही पॉलिश

मंगळवार, मिरजोळे. दिवेलागण.

पायऱ्यांवर रॅम्प नि न्हाणीत धरायला दांडे हवेत, म्हणून माजी सैनिकांच्या मदतीसाठी आम्ही अर्ज केलाय. ह्यांना खरंच गरज आहे का, ते बघायला आज साहेब आले. आणि ह्यांनी काय करावं? सकाळपासून दाढी, इस्त्रीचा शर्ट, बुटांना पॉलिश. खोट्या पायाच्या बुटालासुद्धा! एरवी टोचतो म्हणून तो पाय बुटासकट कोपऱ्यात उभा असतो. आज तो चढवून, जांभ्याच्या पायऱ्या उतरून, घरापुढच्या खळ्यात कडक सॅल्यूट ठोकला.

"तुम्ही तर छान चालता," साहेब म्हणाले. हसावं की रडावं मला कळेना.

ते गेल्यावर मी चिडले, तर म्हणतात, "तपासणीला माणूस येतो नि मी बसून राहू?" तोवर पाय काढलेला, गुडघ्याखाली सोलवटलेलं. मग नेहमीसारखे बसून, एकेक पायरी सरकत, खाली नळावर गेले.

पण साहेब सारखे त्या बुटाकडे का बघत होते? आत्ता मुद्दाम जाऊन बघितला. डावा झिजून गेलाय, खोट्या पायाच्या उजव्याला मात्र एक सुरकुती नाही. साहेबांना तेच दिसलं असेल? की तेही फौजेतलेच? निघताना फाटकाशी मला हळूच म्हणाले, "वहिनी, पुढच्या वेळी न कळवता येईन."

मघाशी ह्यांनी विचारलंच, "काय सांगत होते गं तुला?"

म्हटलं, "चहा चांगला झाला होता म्हणाले."