देवास गेटवर सोडलेली बस

८ ऑगस्ट १९९२, शनिवार, संध्याकाळ
माधव नगर

दिवाळी अंकाची प्रेमकथा सोमवारी पोस्टात पडायलाच हवी. काल सूनबाई वाचून हसली. "आई, तुमचे नायक-नायिका पालकसभेला आल्यासारखे बोलतात!" राग आला, पण खोटं काय होतं त्यात?

म्हणून आज दोघांची सगळी भाषणं खोडली आणि आमच्या गावातला देवास गेटचा बसथांबा लिहिला. मी कॉलेजात असताना एक मुलगा तिथे सायकल धरून उभा असायचा. मी माझी बस जाऊ द्यायचे. कधी कधी दोन. बोलणं काहीच नाही, "आज गर्मी बहुत है," एवढंच. त्या सोडलेल्या बसची धूळ अजून दिसते, उन्हात सोनेरी झालेली. काय हे, या वयात!

मग धास्ती वाटली. माझ्या कथांची पक्की प्रत नेहमी आमचे हेच लिहून काढतात. इतक्या वर्षांच्या संसारात हे कधी सांगितलेलं नाही. ओळखलं तर?

देवास गेटपाशी ह्यांचं पेन थांबलं.

"पुढे या मुलाचं काय झालं?"

"माहीत नाही." खरंच माहीत नाही.

"मग तसंच राहू दे. आता खरं वाटतंय," हे म्हणाले, आणि पुढची ओळ उतरवू लागले, नेहमीपेक्षा जरा सावकाश.