कोटावरची चिठ्ठी

३ नोव्हेंबर

लेक दुकानात आली आणि भांडून गेली! कशावरून? तर रफूच्या कपड्यांना मी टाचते त्या चिठ्ठ्यांवरून. इथल्या लोकांची नावं लिहायला मला जमत नाही, म्हणून आपल्या अक्षरांत खूण लिहिते – 'पिठ्या, टक्कल', 'पिठी, लांब नाक'. पिठासारखे पांढरे म्हणून पिठे. आपल्यात सगळेच म्हणतात. त्यांना वाचता येत नाही, मग कोणाचं काय बिघडलं?

"आई, हा वंशद्वेषच आहे. ते आपल्याला तो घाणेरडा शब्द वापरतात, तसाच."

तसाच! माझं डोकंच फिरलं. त्यांच्या शब्दामागे घरमालक असतो, साहेब असतो, पोलीस असतो. त्या शब्दापायी आम्हाला दोन वर्षं धड खोली मिळाली नाही. माझ्या शब्दामागे काय आहे? एक टाचणी!

"टाचणी टोचत नाही का?" म्हणाली आणि गेली. बोलायला शिकवलं मीच, आता भोगतेय.

४ नोव्हेंबर

तिच्याशी अबोला धरलाय. (दुपारी फोन केला. जेवली का, एवढंच विचारायला.)

७ नोव्हेंबर

दुकानातल्या इस्त्रीवालीने स्वतःचा कोट रफूला दिला, अस्तर पुन्हा फाटलंय. अकरा वर्षं आम्ही दोघी या दुकानात – मी सुईवर, ती इस्त्रीवर. ती इथलीच. पाच मिनिटं उन्हात उभी राहिली की लालबुंद! माझ्या डब्यातलं हक्काने खाते, तिखटाने वाहणारं नाक पुसत पुसत. माझी आई गेली तेव्हा आठवडाभर माझंही काम तिनेच ओढलं. आणि एका गिऱ्हाइकाने मला तो शब्द वापरला – इथेही लिहिणार नाही – तेव्हा इस्त्री तशीच टाकून बाहेर आली. "कपडे उचल आणि चालता हो!" तोवर आत एक पँट जळाली. मालक ओरडला. ही ढिम्म.

कोटाला चिठ्ठी लावली. सवयीने हात चालला – 'पिठी, अस्तर'. ती बघत होती. हसली. मीही हसले.

८ नोव्हेंबर

तो शब्द मी वहीतसुद्धा लिहीत नाही. आणि हा रोज टाचते.

११ नोव्हेंबर

सांगून टाकलं. जेवताना, एका दमात. "तुझ्या कोटावर मी जे लिहिते ना, ते चांगलं नाही."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. घास तोंडात!

"तुझी लेक शाळेतून येऊन माझ्या टेबलाखाली बाराखडी गिरवायची. तिच्याबरोबर मीही शिकले. तुला चकित करायचं होतं गं. तर तुझ्या हातचा पहिला शब्द वाचला, तो हाच."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर लाजेकाजेने नाव लिहिलं असतंस. म्हटलं, बघू, आपणहून कधी लिहितेस."

"राग नाही आला?"

"आला की! त्या दिवशी तुझा अख्खा डबा संपवला."

वंशद्वेष म्हणायचा का याला, तेही विचारलं. म्हणाली, "ते तुम्ही मायलेकी ठरवा. मला त्यापायी कुणी घर नाकारलं नाही, हे खरं. पण दर हिवाळ्यात कोट घालायच्या आधी ती चिठ्ठी काढून टाकावी लागते, हेही खरं."

मला रडू आवरेना. तिने उरलेली भाजी माझ्याकडे सरकवली.

१२ नोव्हेंबर

नवी चिठ्ठी लिहायला घेतली आणि अडले. तिचं पूर्ण नाव मला माहीतच नव्हतं! अकरा वर्षं नुसतं 'अगं'. विचारलं. तिने दोनदा सांगितलं, सावकाश.

१३ नोव्हेंबर

माझा कोट खुंटीवर होता, उसवलेली बाही शिवलेली – वेडेवाकडे टाके, तिचेच. वर चिठ्ठी टाचलेली. आमच्या अक्षरांत माझं पूर्ण नाव, एकही चूक नाही. कागद जुना, पिवळा पडलेला. खाली लेकीच्या लहानपणच्या अक्षरात – 'शाब्बास! आता आईला दाखव.'