मनोऱ्यात कर्णा बसणार नाही

प्रिय ह्युबर्टदादा,

तुझ्या गुडघ्याची विचारपूस, एडिथवहिनींना नमस्कार आणि तुमच्या म्हाताऱ्या मांजरीला आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. (खोकला आहे, पण त्याला मी भीक घालत नाही.)

पत्रास कारण, आपला सायलस टगवेल गेला. तो वाजवायचा ती थोरली घंटा त्याच्यामागे मुकी झाली. गुरुवारी त्याला पोचवताना आम्ही उरलेल्या पाच जणांनी रिवाजाप्रमाणे घंटांच्या लोलकांना एका बाजूने चामडं बांधलं, म्हणजे एक ठोका खणखणीत आणि पुढचा दबका, रडवेला. ते काढायला आमच्यातला सिरिल वर चढेल असं मी धरून चालले, आणि मी चढेन असं सिरिल. (पायऱ्या चौऱ्याऐंशी आहेत, तेव्हा दोघांनीही एकमेकांवर मनापासून विश्वास टाकला.) शनिवारी चर्चच्या कारभाऱ्यांच्या मुलीचं लग्न. नवरानवरी दारात आली, आम्ही दोर ओढले, आणि एक ठोका लग्नाचा तर एक मयताचा! बाहेर पुरुषांनी टोप्या काढल्या. नवऱ्याची आत्या हुंदके देत "अगं बाई, आता कोण गेलं?" असं ज्याला त्याला विचारत सुटली. (नवरदेवाचा चेहरा पाहता शंका अगदीच गैर नव्हती.) नवे पाद्री पेनिफोल्डसाहेब धापा टाकत वर आले नि ओरडले, "विनिफ्रेडबाई, थांबवा हे!" मी म्हटलं, "साहेब, सुरू केलेला घंटांचा फेरा आमच्यात अर्धा सोडत नाहीत." आणि सोडला नाही. पुरी अकरा मिनिटं वाजवूनच दोर गुंडाळले.

आता साहेबांचं म्हणणं असं, की येत्या रविवारी सहा घंटा, सहा माणसं आणि एकही चूक नाही. नाहीतर घंटांना कुलूप लागणार आणि मनोऱ्यात कर्णा बसून त्यातून कुठल्याशा मोठ्या चर्चच्या घंटांची तबकडी वाजणार. आपल्या आजोबांनी जिथे दोर धरला तिथे तबकडी! मला इतका संताप आला की हातातला केक मी साहेबांना न विचारता पूर्ण खाल्ला. माझ्या अंगात जीव आहे तोवर कर्णा बसू देणार नाही. सहावा माणूस मी उभा करीन, पण कोणाच्या पाया पडणार नाही. तुझ्या तर नाहीच.

तुझी बहीण,
विनिफ्रेड

ता. क. सहावा माणूस मिळाला नाही. खाटकाचा डेंझिल आला होता, पण पहिल्याच ओढीला दोर सोडायचा विसरला आणि दोराबरोबर छताकडे निघाला. आता तो चर्चच्या रस्त्यानेही जात नाही.

ता. क. २ शनिवारी सव्वानऊची बस चौकात थांबते. थोरल्या घंटेचा दोर तुझ्या उंचीला बांधून ठेवला आहे.

ता. क. ३ एकोणीस वर्षांपूर्वी, राणीच्या राज्याभिषेकाच्या दिवशी फेरा मोडला, तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हणाले की ह्युबर्टचा हात मागे पडला. तू दोर टाकून गेलास तो पुन्हा मनोरा चढला नाहीस. दादा, हात माझा मागे पडला होता. मला तेव्हाच कळलं होतं. सायलसलाही कळलं होतं, पण त्याने शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही, आणि आता सांगायला मीच उरले. ये.