पंखांना बांधलेला दोर

अब्बा, परवा शारजात जुन्या मोटारींचं प्रदर्शन भरलं होतं, तिथे ती दिसली. तीच नव्हे, पण तिच्याच जातीची. तेच लांबलचक अंग, मागचे तेच दोन उंच पंख आणि पंखांत बसवलेले ते तांबडे टोकदार दिवे. माझ्याबरोबर माझी नात होती, म्हणजे तुमची पणती. ती मोबाईलवर फोटो काढत होती आणि मी खुळ्यासारखा दोरीच्या अलीकडे उभा राहून पंखाच्या बुडाशी वाकून बघत होतो, पत्र्याला कुठे मुडप दिसते का. अर्थातच दिसली नाही. आता शारजातल्याच रोल्ला भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये परत आलोय, खाली रस्त्यावर नेहमीचा गोंगाट चालू आहे, आणि तुमच्याशी बोलल्याशिवाय चैन पडेना म्हणून लिहायला बसलो. तुम्हाला वाचता येत नव्हतं. गावी अम्मीला जाणारी पत्रं तुम्ही सांगायचात आणि मी लिहायचो. आज सांगणाराही मी आणि लिहिणाराही मीच, म्हणून हात जरा अडखळतोय.

तेव्हा या देशाला आजचं नावही नव्हतं. दुबईची खाडी होती, दोन्ही काठांवर वाळू होती आणि मोठी जहाजं बाहेर समुद्रात नांगर टाकून उभी राहायची. त्यांच्यावरचा माल पडावात, म्हणजे रुंद मालवाहू होडीत, उतरवून खाडीत आणायचा, हे तुमचं काम. आपल्या अरबाबच्या, म्हणजे ज्यांच्याकडे आपण दोघं नोकरीला होतो त्या अरब व्यापाऱ्याच्या, साऱ्या पडावांचे तुम्ही सारंग, म्हणजे खलाशांचे म्होरके. तांदूळ, सिमेंट, साखर, जिवंत बकऱ्या, लग्नाचे पलंग, जे येईल ते तुमच्या हातून किनाऱ्याला लागायचं. मी मॅट्रिक होऊन रत्नागिरीहून आलो आणि त्यांच्याच ऑफिसात टायपिंगला लागलो. बाप पाण्यावर आणि लेक टेबलावर, म्हणून खलाशी माझी टर उडवायचे. तुमचं उजवं मनगट तेव्हाच वाकडं होतं. लाँचचं इंजिन हँडल मारून चालू करताना हँडल उलटं फिरलं, हाड मोडलं आणि जुळलं तेही तिरकंच. त्यानंतर दोर नुसता हाताने धरून ठेवणं तुम्हाला जमायचं नाही. कशाला तरी वेढा मारून घ्यावा लागायचा. खुंटा असो, डोलकाठी असो, काही तरी हवंच.

अरबाबनी कॅडिलॅक ही अमेरिकन मोटार मागवली होती. बैरुतला कुणाची तरी पाहिली आणि वेडेच झाले. गाडी यायच्या आधी कित्येक महिने ते ऑफिसात तिच्याच गोष्टी सांगत. मुंबईत तरुणपणी मोती विकलेला माणूस, हिंदी आपल्यापेक्षा फर्डी. म्हणायचे, "ये नाम एक फ्रेंच आदमी का है. उसने जो शहर बसाया, गाडी वहीं बनती है." मी ते दुपारी ऐकायचो आणि संध्याकाळी तुम्हाला येऊन सांगायचो. तुम्ही तांदूळ निवडत असायचात, चुलीवर बांगड्याचं कालवण, आणि मी जणू स्वतः अमेरिका पाहून आल्यासारखा बोलत सुटायचो. इंग्लंडात एकदा म्हणे या कंपनीच्या तीन गाड्या पार खोलल्या. तिन्हींचे भाग एकाच ढिगात मिसळले, वर काही काढून घेऊन त्या जागी दुकानातले नवे टाकले, आणि त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या उभ्या केल्या. कानस लावली नाही, ठाकूनठोकून बसवलं नाही, गाड्या चालू झाल्या आणि चालतच राहिल्या. तुमचा हात तांदळातच थांबला. आपल्या लाँचचा साधा बोल्टसुद्धा घासूनपुसून बसवावा लागायचा, हे तुम्हाला रोजचं. तुम्ही म्हणालात, "अरे, दोन सख्ख्या भावांच्या टोप्या एकमेकांना बसत नाहीत, आणि हे तीन गाड्यांचं काय सांगतोस!"

पण तुमच्या मनात घर केलं ते दुसऱ्या गोष्टीने. पूर्वी मोटारीलाही हँडल मारावं लागायचं. ते उलटं फिरून एका माणसाचा जबडा फुटला आणि त्यातच तो गेला. कंपनीचा मालक त्याचा दोस्त. त्याने ठरवलं की आपल्या गाडीला हँडल नको, आणि विजेवर चालू होणारं इंजिन बनवून घेतलं. मी नंतर पुस्तकांतून पडताळून पाहिलं, अरबाबच्या बहुतेक गोष्टी खऱ्या निघाल्या. तुम्ही मात्र ही गोष्ट तेव्हाच खरी मानलीत. बराच वेळ मनगट चोळत बसलात. "माणूस मेला म्हणून हँडल काढलं?" असं तुम्ही पुन्हा पुन्हा विचारत राहिलात. त्या दिवसापासून ती गाडी तुमच्यासाठी श्रीमंताची चैन उरली नाही. तुम्ही तिच्याबद्दल एखाद्या बुजुर्ग माणसाबद्दल बोलावं तसं बोलू लागलात.

आणि मग अरबाबनी तो शब्द दिला. तुम्ही किती तरी वर्षं अम्मीला आणायची परवानगी मागत होतात, आणि त्यांच्या सहीशिवाय ते कागद होणं शक्य नव्हतं. दर खेपेला "इन्शाल्ला" ऐकून तुम्ही परत यायचात. त्या दिवशी मी समोरच टाईप करत होतो. ते तुम्हाला म्हणाले, "सारंग, गाडी सलामत उतार दो, तुम्हारी घरवाली का कागज मैं खुद करवाऊंगा." तुम्ही छातीवर हात ठेवलात. त्या रात्री तुम्ही मला पत्र लिहायला बसवलं नाहीत. काम होईपर्यंत तिला उगाच आस लावायची नाही, असं म्हणालात.

सकाळची भरती आहे. पडाव खाडीत शिरतोय, लाँच त्याला ओढतेय, आणि पडावावर ती उभी आहे. शहाळ्यातल्या मलईसारखा पांढरा रंग, क्रोमवर ऊन पडून डोळे दिपतायत. किनाऱ्यावर माणसंच माणसं जमलीत. अब्र्यातले, म्हणजे खाडीपार नेणाऱ्या होड्यांतले, नावाडी वल्हं मारायचं विसरलेत. मी आजवर इतकं काही पाहिलंय, या शहरात तर काय काय पाहिलं नाही, पण पाण्यावरून ती गाडी येताना जे वाटलं तसं पुन्हा वाटलं नाही. अमेरिकेतल्या कुठल्याशा कारखान्यातून निघून ही वस्तू अख्खा समुद्र ओलांडते आणि माझ्या बापाच्या हाती येते, याचाच मला अचंबा वाटत होता.

पडाव वाळूला टेकला, फळ्या लावल्या. गाडी तोंडाकडून खाली सोडायची आणि शेपटीकडून दोराने आवरून धरायची. अरबाबचा हुकूम मीच तुम्हाला येऊन सांगितला होता, की क्रोमला दोर लागता कामा नये. मागचा बंपर तर सगळा क्रोमचाच. तुम्ही वाकून पोटाखाली पाहिलंत. तिथे नळ्याच नळ्या, त्यांना दोर लावायला तुमचा जीव धजेना. मग उठून मागे आलात आणि तुमची नजर त्या पंखांवर गेली. दोन्ही बाजूंना उंच, भक्कम, बरोबर वेढा मारायच्या जागी. तुमचा चेहरा असा उजळला की काय सांगू! म्हणालात, "बघ, सगळा विचार केलाय यांनी." डोक्याचा रुमाल सोडून एका पंखाला गुंडाळलात, दुसऱ्याला गोणपाट, आणि वर दोर घेतलात, नावेच्या खुंट्याला घेतात तसा. एकाही खलाशाला वावगं वाटलं नाही. मलाही नाही. ज्या कंपनीने माणसाचं मनगट वाचावं म्हणून हँडल काढलं, तिने दोर बांधायला जागा ठेवली असणारच, हे आम्हा सगळ्यांना अगदी पटलं होतं.

"यल्ला! चला!" तुम्ही ओरडलात. ड्रायव्हर स्टिअरिंग धरून आत बसला होता. पुढची चाकं फळ्यांवर आली, उतार लागला, साऱ्या गाडीचं वजन मागे दोरावर आलं, आणि डावा पंख बाहेरच्या बाजूला मुडपला. आवाजसुद्धा फार झाला नाही. दोर सटकला आणि कॅडिलॅक आपली आपण फळ्यांवरून खाली आली नि वाळूत रुतून उभी राहिली. जणू तिला आम्हा कुणाची गरजच नव्हती. कुठे ओरखडा नाही, काच फुटली नाही. फक्त तो एक पंख कलला होता, आणि वर तुमचा रुमाल तसाच लटकत होता.

अरबाब गर्दीतून पुढे आले. खलाशी खाली बघू लागले. कुणी तरी हळूच म्हणालं, "खलास." तेव्हा तुम्ही पडावावरून वाळूत उतरलात, त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिलात आणि ते काही बोलायच्या आत म्हणालात, "अरबाब, गाडी सलामत नहीं उतरी. मेरे हाथ से हुआ. कागज रहने दो." अम्मीचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मला तुमचा राग आला. निदान त्यांना आधी बोलू द्यायचं होतंत! पण तुम्ही मान खाली घातली नव्हती. तुम्ही गाडीकडेच बघत होतात.

अरबाबनी गाडीभोवती एक फेरी मारली. कललेल्या पंखावर हात ठेवला. "इसको रस्सी क्यों बांधी?" असं विचारलं. तुम्ही म्हणालात, "मैं समझा बांधने के लिए है." ते म्हणाले, "ये बांधने के लिए नहीं है." मग तुम्ही अगदी मनापासून विचारलंत, "फिर किसलिए है?" अरबाब माझ्याकडे वळले, कारण ऑफिसात इंग्रजी येणारा मी. "तुम बोलो, किसलिए है?" मी गाडीबरोबर आलेलं पुस्तक आधीच दोनदा वाचलं होतं. त्यात इंजिनाबद्दल होतं, रेडिओबद्दल होतं, पंखांचं काम कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी म्हणालो, "किसी काम के लिए नहीं. सिर्फ अच्छा दिखने के लिए." तुम्ही ऐकलंत आणि त्या पंखाकडे असे पाहत राहिलात की मी तो क्षण कधी विसरणार नाही. "काम नाही?" तुम्ही मराठीत पुटपुटलात. "एवढं लोखंड, आणि त्याला कामच नाही?" पडावावर बिनकामाची एक खिळी तुम्ही ठेवली नव्हतीत कधी. त्यात तक्रार नव्हती, अब्बा. तुम्ही थक्क झाला होतात. मला वाटतं, कुठे तरी माणसं इतकी सुखात आहेत की नुसत्या देखणेपणासाठी लोखंड घडवतात, हे तुम्हाला त्या वाळूत पहिल्यांदा कळलं. अरबाबना तुमच्या शब्दांचा अर्थ विचारावा लागला नाही. ते हसू लागले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कागदाबद्दल मात्र एक अक्षर बोलले नाहीत.

पुढचे कित्येक दिवस तुम्ही जेवणात मीठ जास्त घालत होतात. कागदाचं विचारलं तर म्हणायचात, "त्यांचा शब्द गाडी सलामत उतरली तरच होता." एक दिवस अरबाबनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि अम्मीचे कागद माझ्याच हाती दिले, सही करून. म्हणाले, "तेरे बाप को बोल, उसने मेरे बोलने से पहले खुद कसूर मान लिया. ऐसा आदमी घर के बिना नहीं रहना चाहिए." तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही उठून बाहेर गेलात आणि बराच वेळ आत आला नाहीत. अम्मी बोटीतून उतरली त्या दिवशी तिला न्यायला तीच कॅडिलॅक आली. पंख गॅरेजात सरळ करून घेतला होता, पण बुडाशी मुडप राहिलीच. अम्मी बुरखा सावरत मागे गेली, मुडपीवर बोट फिरवलं आणि विचारलं, "हे काय हो?" तुम्ही लाजलात. साठीला टेकलेला माणूस नव्या नवऱ्यासारखा लाजला! म्हणालात, "ते बांधायचं नसतं."

आता त्या नावाचा तेवढा दबदबा राहिलेला नाही. रस्त्यावर कितीएक भारी गाड्या दिसतात आणि माझ्या नातवंडांना त्यांची नावं तोंडपाठ असतात. तुम्हाला जाऊनही उदंड काळ लोटला. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, वाचून दाखवायलाही तुम्ही नाहीत. पण परवाचं एक सांगायचं राहिलंय. प्रदर्शनात पाटी होती, तिच्यावर लिहिलं होतं की पंखांची कल्पना लढाऊ विमानाच्या शेपटीवरून घेतली. नातीने पाटी वाचली नव्हती. तिने पंखांकडे बोट दाखवून मला विचारलं, "दादा, व्हॉट आर दीज फॉर?" मी म्हणालो, "दोर बांधायला. माझे अब्बा बांधायचे." ती म्हणाली, "वॉव," आणि तिने माझ्यावर विश्वास ठेवला. मी तिला अजून खरं सांगितलेलं नाही, अब्बा, आणि सांगायचं मनातही नाही.