पाहुणे असेपर्यंत

मयूर विहार, दिल्ली
५ फेब्रुवारी २०२५

ती. वन्संना,
देविकाचा सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून ही पत्रं. पण खरं सांगू, तुमच्या भावाची तक्रार लिहूनच नीट करता येते! गेल्या आठवड्यात जयंतच्या झोपेची तपासणी केली. अंगभर वायरी चिकटवून त्याला दवाखान्यात झोपवलं. झोपेत त्याचा घसा सैल पडून श्वासाची वाटच बंद होते, तासाला बेचाळीस वेळा. दर वेळी मेंदू धक्का देऊन जागं करतो, ह्याला पत्ताही नसतो. म्हणून हा ऑफिसात, सिग्नलला, अगदी वरणभात कालवतानाही पेंगतो. आणि आपण त्याला आळशी म्हणत होतो.

आता रोज नाकावर मास्क लावून झोपायचं. मशीन हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतं. पाचव्याच दिवशी त्याने एकही जांभई न देता पेपर वाचला. पण लावताना कुरकुरतो फार. तुमचा शब्द तो मोडत नाही, दोन ओळी लिहा ना.

तब्येत सांभाळा, माया राहू द्या.
तुमची देविका

सांगली
१३ फेब्रुवारी

चि. सौ. देविकास,
हेमलताचे अनेक आशीर्वाद.

हसावं की रडावं कळेना. अगं, आमच्या घरात घोरत कोण नव्हतं? बाबा घोरायला लागले की शेजारी दिवे मालवायचे. चोपन्नाव्या वर्षी झोपेतच गेले, कुणाला हाक मारून त्रास दिला नाही. असं मरण भाग्याने येतं. तुम्ही दिल्लीवाले त्यालाही आजार करून ठेवता.

बरं, महत्त्वाचं. निधीसाठी मी सुचवलेल्या समर्थचे आईवडील २१ तारखेला येतायत, तीन रात्री तुमच्याकडेच उतरतील. वधूपित्याच्या नाकाला नळी बघून ते काय समजतील? उद्या म्हणतील, पोरीतही असेल. पाहुणे असेपर्यंत ते यंत्र माळ्यावर टाक. इतकी वर्षं झोपलाच ना तो? जयंतला वेगळं लिहिलं आहे.

पुरणात जायफळ विसरू नकोस. जिव्हाळा आहे तो वाढवावा.
तुझी वन्सं

मयूर विहार
२ मार्च

वन्सं,

सरबराई उत्तम झाली. पुरणपोळ्या आवडल्या, निधी पसंत पडली. मशीन माळ्यावर होतं. मी दोनदा स्टुलावर चढले, दोनदा जयंतने हात धरून उतरवलं. ताईने सांगितलंय म्हणाला.

सोमवारी सकाळी पाहुण्यांना गुरुग्रामला समर्थच्या फ्लॅटवर सोडून तो एकटा परत येत होता. गाडी चालवतानाच झोप लागली. एक सोसायटी गार्ड रात्रपाळी संपवून सायकलवरून घरी निघाला होता. सुखपाल नाव. जागीच गेला. जयंतचं गळ्याजवळचं हाड मोडलंय, बाकी धडधाकट आहे.

माझा तुमच्यावर भयंकर राग आहे. बाबाही कदाचित ह्याच आजाराने गेले असतील, असं डॉक्टर म्हणाल्या. त्याला भाग्य म्हणत बसलात.

देविका

मयूर विहार
१९ मार्च

ती. ताईस,
जयंतचा नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सायकलवालाच अचानक मध्ये आला असं पोलिसांना सांग, लग्न तरी वाचेल, असं तू लिहितेस. मी आधीच ठाण्यात खरं लिहून दिलं आहे. डोळा लागला, आजार माहीत होता, उपचार बंद ठेवला होता. अंकलजी सोच लो, असं इन्स्पेक्टर दोनदा म्हणाला. समर्थकडून नकार आला. निधी माझ्याशी बोलत नाही, पण ते नकारामुळे नव्हे.

देविका तुला दोष देते. तिला जे सांगितलं नाही ते तुला सांगतो. मशीन काढून ठेव असं तुझं पत्र आलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. त्या मास्कची मला लाज वाटायची. कुणीतरी मोठ्या माणसाने नको म्हणावं, एवढंच मला हवं होतं. ताईचा शब्द मोडता येत नाही म्हटलं की काम भागलं.

काल सुखपालच्या घरी गेलो. इतकी झोप येत होती तर गाडी का काढली, असं त्याच्या बायकोने विचारलं. रागाने नाही, समजून घ्यायला. मी म्हणालो, झोपेचा आजार आहे. मग तिने विचारलं, इसका कोई इलाज नहीं होता क्या. होता है, म्हणालो.

जपून राहा.
तुझा जयंत