पॉइंट लावून राहिलो होतो

बाबा, परवा पेटी आवरताना तुमच्या बयानाची नक्कल सापडली. अक्षर माझं, खाली तुमचा अंगठा. काय ऐटीत लिहिलंय मी! नुकता मॅट्रिक झालो होतो ना. खुर्सीपारच्या आपल्या खोलीत चुलीपाशी बसून तुम्ही सांगत होता, आई भाकरी थापता थापता ऐकत होती. भिलाईचा कारखाना तेव्हा उभा होत होता, यार्डात मालगाड्यांच्या वाघिणींची नुसती रीघ. तुम्ही पॉइंटमन, दांडा ओढून रूळ जोडायचात, म्हणजे गाडी हव्या त्या लाइनीवर जाते. एका दुपारी दोन वाघिणी रुळांवरून उतरल्या आणि दोष तुमच्यावर ठेवून तुम्हाला गँगमन करून कुम्हारीकडे रूळ उचलायला धाडलं. त्यावरच्या अपिलासाठी हे बयान.

"पॉइंट लावून राहिलो होतो, तितक्यात इंजिन मांगं सरकलं," तुम्ही म्हणालात. म्हणजे काम चालू होतं, ड्रायव्हरनं घाई केली. मी लिहिलं, 'पॉइंट लावला होता.' 'करून राहिलो' लिहिलं की शाळेत गुरुजी लाल रेघ मारायचे, वर्ग हसायचा. वाचून दाखवल्यावर तुम्ही म्हणालात, "मी असं नाई म्हनलं, बाप्पा." मी खेकसलो, "शुद्ध मराठीत असंच लिहितात. साहेब हसतील नाहीतर." तुम्ही गुमान अंगठा दिला.

दुर्गच्या कचेरीतली ती खोली अजून दिसते. दोन्ही बाजूंनी मिळून नेमलेले लवाद साहेब पुण्याकडचे, सज्जन माणूस. मी मागच्या बाकावर. साहेब कागदावर बोट ठेवून विचारतात, "पॉइंट लावून झाला होता, तर अर्धाच कसा सापडला?" तुम्ही म्हणता, "लावून राहिलो होतो, साहेब." साहेब म्हणतात, "मग हे कोणी लिहिलं?" तुम्ही एकदा मागे वळून माझ्याकडे बघता. मी मान खाली घालतो. "लिवनाऱ्याची चूक नाई, साहेब. म्याच तसं सांगतलं असन."

अपील फेटाळलं गेलं. परतताना मी विचारलं, "कावून असं बोलले?" तुम्ही म्हणालात, "तुह्या नोकरीचा अर्ज आफिसात पडला हाय. बयान चुकीचं लिवते म्हनून तुह्यं नाव झालं असतं, तर कोन ठेवलं असतं तुले?" मला क्लार्कची नोकरी लागली. तुम्ही शेवटपर्यंत उन्हात रूळ उचलले. खांद्याला घट्टे पडले होते, आई रात्री तेल चोळायची, आणि मी त्याच खोलीत बसून इस्त्रीच्या शर्टाची घडी करायचो. शरम वाटते, बाबा.

पुढे युनियनकडून मी कितीतरी अपिलं लढवली. माणूस बोलला तसंच लिहायचं, असा माझा दंडकच होता. लोक कौतुक करायचे. कशापायी ते कोणाला ठाऊक नव्हतं.

हे पत्रही बघा ना, पुन्हा गुरुजींच्या भाषेत लिहीत बसलोय. पाठवायचं कुठे? नकलेखाली ठेवून देतो. पण एक सांगून टाकतो. त्या दिवशी नोकरीच्या भीतीनं मी गप्प बसलो, असं तुम्हाला वाटलं. तसं नव्हतं. अर्जाचं माझ्या ध्यानातही नव्हतं. त्या साहेबासमोर उठून तुमची बोली माझ्या तोंडानं बोलायची मला लाज वाटली.

बाबा, तुमी पॉइंट लावून राहिले होते. मले मालूम होतं.